एकविसावा प्रश्न

आमचे वडील मुरबाड तालुक्यातील एका प्राथमिक शाळेवर मास्तर होते. ‘दिपोटी’, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार अशी वर्दी एकदा गावात आली, की शाळेच्या भिंतींना चुना, ओट्याला शेण आणि पोरांच्या नखांना कात्री लागे. हजेरीपटातील भगदाडे एका रात्रीत बुजत, शेजारच्या गावाहून हिंदुस्थानचा नकाशा आणि पृथ्वीचा गोल उसना येई, आणि वर्गातील सर्वांत चलाख पोर अशा बेताने पहिल्या रांगेत बसवले जाई, की साहेबांचा प्रश्न फिरून फिरून त्याच्याच अंगावर जावा. तपासणी आटोपून, शेरेबुकात ‘समाधानकारक’ असा शेरा ओढून साहेब मार्गस्थ झाले, की दुसऱ्या दिवशी पृथ्वीचा गोल परत जाई. वडिलांना असे शेरे पुष्कळ मिळाले. परंतु ज्या पोरांसाठी ती शाळा होती त्यांचे समाधान झाले की नाही, हे विचारावे असे ना कधी साहेबांच्या मनात आले, ना वडिलांच्या. आणि कोणी तसे विचारले असतेच, तर हा काही तरी नवा शिक्षेचा प्रकार असावा, असेच त्या पोरांनी मानले असते.

या गोष्टीला साठाहून अधिक वर्षे लोटली. आजचे दिपोटी बेंगळुरूस राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली स्थापन केलेली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, जिला प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वजण ‘नॅक’ एवढ्याच नावाने ओळखतात, ती महाविद्यालयांची आणि विद्यापीठांची सात निकषांवर परीक्षा घेते, एक हजारांपैकी गुण देते, त्यांचा चारांपैकी आकडा काढते, आणि तो आकडा ३.५१ किंवा त्याहून अधिक भरला तर ‘ए प्लस प्लस’ ही सनद पाच वर्षांसाठी बहाल करते. जुलै २०१७ मध्ये या परिषदेने आपली कार्यपद्धती बदलली आणि त्या बदलात एक गोष्ट अशी घातली, जी वडिलांच्या दिपोटी साहेबांना सुचली नव्हती: विद्यार्थ्यालाच विचारायचे. महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांचे ई-मेल पत्ते परिषदेकडे रुजू करावेत, परिषदेने त्यांना परस्पर प्रश्नावली पाठवावी, विद्यार्थ्यांनी ती भरावी, आणि त्या उत्तरांवरून अध्यापनाविषयीच्या समाधानाचे गुण लागावेत. हजारांतील पन्नास गुण या एका प्रश्नावलीला ठेवले गेले. कल्पना तत्त्वतः उत्तम आहे, हे मी आरंभीच मान्य करून टाकतो. पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून कोणास मी तिचा शत्रू वाटू नये.

मी स्वतः तीस वर्षे वाणिज्य शाखेच्या मुलांपुढे खडू झिजवला, आणि तोही कल्याणच्या पुढे, जिथे मुंबईच्या माणसाच्या मते मुंबई संपते. कर्जतकडे जाणाऱ्या त्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे मण्यांसारखी ओवलेली आहेत, पण तिन्ही मण्यांची घडण निराळी. सिंधमधून उजाड होऊन आलेल्या माणसांनी कल्याणच्या लष्करी छावणीत संसार मांडले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिले. तरीही तिथला माणूस आजतागायत ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असाच पत्ता सांगतो. पोटाची व्यवस्था लागते न लागते तोच या माणसांनी विद्येची व्यवस्था लावली, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. १९६१ साली सेवासदनचे आर. के. तलरेजा महाविद्यालय निघाले, आणि १९६५ साली चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय. हे दुसरे काढणाऱ्या हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने निर्वासित अवस्थेत, १९४९ मध्येच, वांद्र्यास नॅशनल कॉलेज उभे केले होते. अंबरनाथ शके ९८२ चा लेख असलेल्या शिवालयाचे, आयुधनिर्माणीचे, काड्यापेटीच्या कारखान्याचे आणि नंतर औद्योगिक वसाहतीचे गाव. बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या खानेसुमारीत एक लाखाच्या आत होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. मुंबईत घर परवडले नाही म्हणून जो इथे आला, त्याच्या मुलांना आता अडुसष्ट किलोमीटर दूरच्या मुंबईत शिकण्याचेही परवडत नाही. म्हणून ती याच पट्ट्यातील महाविद्यालयांत येतात.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी अशाच एका महाविद्यालयाने, ज्याचे नाव इथे घेण्याचे प्रयोजन नाही, मला ‘नॅकच्या कामासाठी’ बोलावले. या दोन शब्दांचा धाक बाहेरच्या माणसाला कळणार नाही. नॅकचे काम निघाले की स्टाफरूममध्ये कोणी कोणाला विषय विचारत नाही. ‘तुमच्याकडे क्रायटेरिया कोणता?’ असे विचारतात, आणि एखादी प्राध्यापिका ‘माझ्याकडे क्रायटेरिया फाइव्ह’ असे ज्या स्वरात सांगते, त्या स्वरात आमच्या आजीच्या काळी एखादी सून आपल्या वाट्याला आलेले घरकाम सांगत असेल. सर्वत्र प्रूफ हवे. वृक्षारोपण केले, तर त्याचे छायाचित्र हवे आणि त्या छायाचित्रावर अक्षांश-रेखांश हवेत. झाड पुढे जगले काय, याचा रकाना मला कुठे आढळला नाही. पाच वर्षांची कागदपत्रे शोधण्यात एका गणिताच्या प्राध्यापकांचे एक सबंध सत्र गेले, आणि त्या सत्रात त्यांचे तास एका नवख्या मुलाने तासिका तत्त्वावर घेतले. अध्यापनाचे मूल्यमापन व्हावे म्हणून अध्यापन थांबले होते, हे त्यांनी मला हसत सांगितले. मला हसू आले नाही.

विद्यार्थी-समाधानाची प्रश्नावली येण्याच्या दिवशी मला संगणक कक्षात बसवले. नियम असा, की महाविद्यालयाच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी किमान दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांची उत्तरे यावीत. मुलांकडे भ्रमणध्वनी आहेत, पण ई-मेल पाहण्याची सवय नाही; प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने जो पत्ता काढून दिला त्याचा पासवर्ड त्या कॅफेवाल्यालाच ठाऊक. म्हणून प्रत्येक वर्गातून ‘जबाबदार’ मुले निवडून आणली होती. पहिल्या रांगेतल्या पोराची मला आठवण झाली, इतकेच सांगतो.

माझ्यासमोर बदलापूर पूर्वेची एक मुलगी बसली होती. द्वितीय वर्ष वाणिज्य, सकाळचे कॉलेज, बारानंतर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका खोक्यांच्या कारखान्यात हिशेब लिहिण्याची नोकरी. एकवीस प्रश्न. माझ्या पाहण्यात आलेली प्रत इंग्रजीत होती. पहिला प्रश्न अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला याचा. तो तिने झटकन सोडवला. दुसरा प्रश्न शिक्षक वर्गावर येताना कितपत तयारी करून येतात असा, आणि त्याला पाच पर्याय. ती थांबली.

“सर, इंडिफरंटली म्हणजे काय?”

“बेपर्वाईने,” मी म्हणालो.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिले. “मग पुअरलीच्या खाली का दिलंय? आमचे एक सर येतात, त्यांना नीट येत नाही, पण घरून वहीत लिहून आणतात. दुसऱ्या मॅडमना सगळं येतं, पण त्या बघतच नाहीत आमच्याकडे. यात वाईट कोण?”

मी तीस वर्षांत अनेक प्रश्नपत्रिका काढल्या. एवढा चांगला प्रश्न मला एकाही प्रश्नपत्रिकेत काढता आला नव्हता. मी तिला म्हणालो, “अगं, हे तूच ठरवायचं आहेस.” तिने मधला पर्याय निवडला आणि पुढे गेली. मधला पर्याय हा आपल्याकडील विद्यार्थ्याचा सनातन आश्रय आहे.

पुढे एके ठिकाणी विचारले होते, की शिक्षक तुम्हाला अभ्यासक्रमाची अपेक्षित फलिते सांगतात काय. आपल्या स्तोत्रांना शेवटी फलश्रुती असते. हल्ली अभ्यासक्रमाला ती आरंभीच असते, आणि ती मुखोद्गत असणे हा सुशिक्षणाचा पुरावा मानला जातो. आणखी एका प्रश्नात किती टक्के शिक्षक प्रोजेक्टर वगैरे साधने वापरतात हे विचारले होते. शेजारच्या वर्गात वाणिज्य भूगोलाचे एक वृद्ध प्राध्यापक तीन रंगांच्या खडूंनी सह्याद्री, उल्हास नदीचे खोरे आणि बारवी धरण फळ्यावर असे काढीत, की मुले तास संपल्यावर फळा पुसू देत नसत. या प्रश्नापुरते ते गृहस्थ शून्य होते.

तासिका तत्त्वाचा उल्लेख वर ओझरता आला. तो तसाच टाकून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत मंजूर पदे रिकामी ठेवून ती तासागणिक मोबदल्यावर भरण्याची जी रीत वर्षानुवर्षे रूढ झाली आहे, तिच्यामुळे आज वर्गावर उभा असलेला शिक्षक, ज्याला सर्वजण ‘सीएचबीवर आहे’ एवढ्याच ओळखीने ओळखतात, तो पुढच्या जूनमध्ये असेल की नाही हे त्यालाही माहीत नसते. तो सकाळी उल्हासनगरात, दुपारी कल्याणात आणि संध्याकाळी एखाद्या खासगी शिकवणीत शिकवतो, आणि दिवाळीची सुट्टी त्याच्या दृष्टीने बिनपगारी असते. विद्यार्थी ज्याच्या अध्यापनाविषयी समाधान किंवा असमाधान व्यक्त करणार, तो मनुष्य निकाल येईपर्यंत त्या संस्थेत नसतो. मग त्या पन्नास गुणांत मोजले कोणाला जाते? पद मंजूर असून न भरणाऱ्या शासनाला, त्यावर तासागणिक माणूस ठेवणाऱ्या संस्थेला, की त्या बिचाऱ्याला? प्रश्नावलीत शासनासाठी रकाना नाही.

विद्यार्थ्याच्या समाधानावरून शिक्षकाची प्रत ठरवण्याचा उद्योग जगात नवा नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९२७ च्या सुमारास तशी श्रेणीपत्रिका निघाली. १९७० साली कॅलिफोर्नियात एक मजेदार प्रयोग झाला: मायकेल फॉक्स नावाच्या एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून, मोठमोठ्या पदव्यांसह, मानसोपचारतज्ज्ञ व शिक्षणतज्ज्ञांच्या सभेपुढे उभे केले, आणि गणितातील क्रीडासिद्धान्ताविषयी त्याने अत्यंत रसाळ, परंतु मुद्दाम निरर्थक आणि परस्परविरोधी विधानांनी भरलेले व्याख्यान दिले. विद्वान श्रोत्यांनी त्याला उत्तम गुण दिले. ज्याने आपल्याकडे पूर्वरंगात काहीच न सांगता उत्तररंगात सभा जिंकणारा हरिदास पाहिला आहे, त्याला या निष्कर्षासाठी कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याची गरज नव्हती. अधिक गंभीर पुरावा अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीतील आहे, जिथे विद्यार्थी शिक्षकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने वाटून दिले जातात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅरेल व वेस्ट यांच्या अभ्यासात असे दिसले, की प्रारंभिक वर्गात ज्यांचे विद्यार्थी चांगले गुण मिळवीत आणि ज्यांना विद्यार्थी अधिक पसंत करीत, त्या शिक्षकांचे विद्यार्थी पुढल्या अवघड वर्गात मागे पडले. कडू औषध देणाऱ्या वैद्याला त्या दिवशी कोणी दुवा देत नाही. इंग्लंडात २००५ पासून अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय सर्वेक्षण होते. २०१७ मध्ये त्याचा उपयोग सुवर्ण, रौप्य व कांस्य अशी पदके वाटण्यासाठी होऊ लागला, आणि याचा परिणाम शुल्कवाढीत होईल असे दिसताच अनेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी ते सर्वेक्षण भरण्यासच नकार दिला. आपल्या समाधानाची किंमत आपल्याकडूनच वसूल होणार, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

आपल्याकडे मोजमापाला द्रव्याची जोड देण्याचा प्रयोग त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात खासगी शाळांना परीक्षेतील निकालाप्रमाणे, डोक्यागणिक अनुदान देण्याची पद्धत होती, आणि तिच्यामुळे पाठांतराचे पीक कसे माजले याच्या तक्रारी त्या काळच्या दप्तरांत पडून आहेत. १८८२ च्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जी कैफियत सादर केली, तिच्यात मुख्य प्रश्न असा होता, की रयतेच्या कष्टातून जमा होणारा पैसा मूठभरांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, रयतेच्या पोरांना मात्र प्राथमिक शिक्षणही धड मिळत नाही. शिक्षणखात्याच्या आकड्यांत खाते यशस्वी दिसत होते. जोतीरावांनी ते आकडे शेतकऱ्याच्या अंगणातून पाहिले.

बदलापूरच्या अंगणातून मुंबई विद्यापीठ कसे दिसते? १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ, राजाबाई मनोऱ्यासह, इथल्या विद्यार्थ्याला फारसे दिसतच नाही. त्याला दिसते ते हॉल तिकीट, वेळापत्रक आणि गुणपत्रिका. आठशेहून अधिक संलग्न महाविद्यालयांच्या या पसाऱ्यात विद्यापीठाचे कार्य म्हणजे विद्यार्थ्याच्या लेखी परीक्षा आणि निकाल. २०१७ च्या उन्हाळ्यात सतरा लाखांच्या घरातील उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय अपुऱ्या तयारीनिशी अमलात आला, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, आणि ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्याच वर्षी विद्यापीठाच्या नॅक मानांकनाची मुदतही संपली होती. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच विद्यापीठाला ३.६५ गुणांसह ‘ए प्लस प्लस’ मिळाले. ते मानांकन खोटे आहे असे मी म्हणत नाही. संशोधन, ग्रंथालये, विभाग यांचे काम तिथे मोठे आहे आणि ते मोजले गेले असणार. पण त्या उन्हाळ्यात निकालाविना ज्यांचा पुढील प्रवेश हुकला त्यांचे समाधान या आकड्यात कुठल्या दशांशस्थळी बसले आहे, हे कोणी दाखवून दिल्यास मी आभारी होईन.

केंद्र शासनाची दुसरी क्रमवारी, ‘एनआयआरएफ’ या नावाची, २०१६ पासून दरवर्षी जाहीर होते. तिच्यात लौकिकाला दहा टक्के वजन आहे, आणि तो लौकिक नोकरी देणाऱ्यांना व अन्य विद्वानांना विचारून ठरतो. विद्यार्थ्याला तिथे कोणी विचारत नाही.

शिवाय तराजू धरणाऱ्या हातांविषयीही आता शंका निघाल्या आहेत. पुण्याचे ज्येष्ठ प्राध्यापक भूषण पटवर्धन यांनी नॅकच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षपदावर असताना यंत्रणेतील गैरप्रकारांच्या चौकशीचा आग्रह धरला आणि मार्च २०२३ मध्ये ते पदावरून बाजूला झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेला उच्च श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी समितीच्या सदस्यांनाच अटक केली. रोख रक्कम, सोने, लॅपटॉप अशा वस्तूंची यादी वृत्तपत्रांत आली. आमच्या वडिलांच्या दिपोटींना फार तर कोंबडी आणि तांदूळ मिळत. जानेवारी २०२४ मध्ये श्रेण्या काढून टाकून ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ असे ठरवण्याचे धोरणही जाहीर झाले. तसे झाले तर स्टाफरूममधील क्रायटेरियांचा धाक कितपत ओसरतो, ते पाहण्यासारखे असेल.

या सगळ्यात मला जी गोष्ट मोलाची वाटते, ती त्या प्रश्नावलीचा शेवटचा, एकविसावा प्रश्न. पहिले वीस प्रश्न पर्यायांचे. एकविसाव्यात पर्याय नाहीत, मोकळी जागा आहे, आणि अध्ययन-अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना करा, अशी विनंती आहे. महाविद्यालये हेच सर्वेक्षण दरवर्षी स्वतःही घेतात आणि त्याचा गोषवारा वार्षिक अहवालाला जोडतात. त्या वर्षीचा महाविद्यालयाचा अहवाल मी पाहिला. वीस प्रश्नांची वीस वर्तुळे, हिरवी, निळी, नारिंगी, छानच काढली होती. एकविसाव्यासाठी एकच वाक्य होते: सूचनांची नोंद घेण्यात आली.

मी कारकुनाकडे महाविद्यालयाच्या त्या सर्वेक्षणाचे मूळ कागद मागितले. त्याने, ‘सर, ते कोणी मागत नाही,’ असे म्हणत कपाटाच्या खालच्या खणातून गठ्ठा काढून दिला, आणि मी दोन दुपारी तो वाचला. बहुतेकांनी ‘ऑल गुड’ लिहिले होते. काहींनी नुसती रेघ ओढली होती. परंतु मधूनमधून, इंग्रजीत, मराठीत, हिंदीत, रोमन लिपीतल्या मराठीत, असे काही लिहिलेले होते, की त्यासाठी एखाद्या शिक्षणतज्ज्ञाने वर्षभर हिंडावे. एकाने लिहिले होते, की पहिला तास सात-दहाला असतो, बदलापूरची गाडी उशिरा आली की हजेरी जाते आणि मग ब्लॅक लिस्टमध्ये नाव लागते. पहिला तास दहा मिनिटे पुढे न्यावा. दुसऱ्याने लिहिले होते, की अकाउंट्सला या वर्षी तिसरे सर आले आहेत आणि प्रत्येकाने पहिल्या धड्यापासून आरंभ केला आहे. कोणी लिहिले होते: नोट्स लिहून देऊ नका, समजावून सांगा. एकीने लिहिले होते, की एटीकेटी लागलेल्या मुलांनाही प्रश्न विचारावेत, त्यांनाही उत्तरे येतात. आणि तीन निरनिराळ्या अक्षरांत एकच ओळ होती: दुसऱ्या मजल्यावरील मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही.

मी वर जाऊन पाहिले नाही. ते योग्य दिसले नसते. पण एका प्राध्यापिकेला विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, की कडी नाही खरी, मुली जोडीने जातात, एक बाहेर दार धरून उभी राहते, आणि म्हणून दोघींचाही पुढचा तास बुडतो.

या पट्ट्यातील सर्व प्राचार्यांना माझी विनंती आहे, की वीस वर्तुळे त्यांनी खुशाल बेंगळुरूस रवाना करावीत, परंतु एकविसाव्या प्रश्नाची उत्तरे, नावे वगळून, ज्या भाषेत लिहिली गेली त्याच भाषेत, जिन्याखालच्या सूचनाफलकावर लावावीत, आणि प्रत्येक उत्तरापुढे काय केले, कोणी केले आणि कोणत्या तारखेला केले, याचा शेरा आपल्या सहीनिशी मारावा. आरंभ कडीपासून केला तरी चालेल.